१६ केबीचा स्पेक्ट्रम ४८ केबीचा करताना

एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर रिसर्चने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणला, तेव्हा तो दोन प्रकारांत मिळायचा: १६ केबीचा १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना. पन्नास पौंड वाचवायला अनेकांनी लहान मशीन घेतलं. त्यातली काही मशीन आजही १६ केबीचीच राहिली आहेत, आणि जुन्या संगणकांच्या नादाला नव्याने लागलेल्याच्या हाती बहुधा असंच एखादं येतं. सुरुवात करायला ते उत्तम आहे. मेमरी वाढवण्याची सोय मूळ आराखड्यातच असल्यामुळे बोर्डावर एकही रेघ कापावी लागत नाही, आणि काम नीट झालं तर मशीन कारखान्यातून ४८ केबीचं बाहेर पडल्यासारखंच होतं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. चाळीस वर्षं जुन्या मशीनमध्ये नवी चिप घालण्याआधी जुनं सगळं ठणठणीत आहे याची खात्री हवी. मेमरी वाढवण्याचे बहुतेक फसलेले प्रयत्न नव्या चिपमुळे फसत नाहीत. आधीच आजारी असलेला वीजपुरवठा किंवा आधीच मरायला टेकलेली जुनी चिप त्याला कारण असते. म्हणून या लेखातला बराच भाग मोजमापाचा आहे. तो गाळून थेट चिपकडे जाऊ नका.

मेमरीची मांडणी समजून घ्या

स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड८०ए. त्याच्या पत्त्याच्या १६ तारा, म्हणजे एकूण ६५,५३६ पत्ते. पहिले १६ केबी रॉमचे, म्हणजे पुसल्या न जाणाऱ्या मेमरीचे, त्यात बेसिक भाषा बसवलेली. १६३८४ ते ३२७६७ ही खालची १६ केबी रॅम, म्हणजे लिहिता-पुसता येणारी मेमरी, ती प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये असते. ३२७६८ ते ६५५३५ ही वरची ३२ केबी. आपल्या मशीनमध्ये तिची जागा रिकामी आहे.

खालच्या १६ केबीतले ६,९१२ बाइट पडद्यावरच्या चित्रालाच लागतात. सिस्टीमची स्वतःची कामं वजा केली की बेसिक प्रोग्रामसाठी नऊ केबीपेक्षाही कमी उरतात. वरची मेमरी बसली की हाच आकडा ४० केबीच्या वर जातो. आणखी एक फायदा असा, की खालची मेमरी प्रोसेसर आणि चित्र काढणारी यूएलए चिप मिळून वापरतात. यूएलए पडदा रंगवत असते तेव्हा प्रोसेसरला थांबावं लागतं. वरच्या मेमरीकडे यूएलए फिरकत नाही, त्यामुळे तिथे ठेवलेला मशीन कोड, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतला प्रोग्राम, पूर्ण वेगाने चालतो. बसवल्यावर हा फरक स्वतः करून बघण्यासारखा आहे.

खालच्या बँकेत, म्हणजे खालच्या मेमरीच्या चिपांच्या गटात, ४११६ जातीच्या आठ चिप असतात, आयसी ६ ते आयसी १३ (आयसी हा बोर्डावरच्या चिपच्या जागेचा क्रमांक). प्रत्येक चिप १६,३८४ बिटांची. एका बाइटचा एकेक बिट एकेक चिप सांभाळते, म्हणून आठ. वरच्या बँकेतही आठच, आयसी १५ ते आयसी २२. कारखान्यात तिथे ४५३२ जातीच्या चिप लावत. मुळात या ६४ केबिटच्या चिप, पण एका अर्ध्या भागात दोष निघालेल्या. उरलेला चांगला अर्धा भाग वापरायचा आणि चिप स्वस्तात घ्यायची, असा तो हिशेब होता. हे लक्षात राहू द्या, वायर लिंकच्या, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या जोडतारेच्या, वेळी उपयोगी पडेल.

आधी मशीन ओळखा

झाकण उघडण्याआधी मशीन चालू करून ही ओळ द्या:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

स्पेक्ट्रमवर बेसिकचे शब्द अक्षरं टाइप करून लिहायचे नसतात. एका कळीत अख्खा शब्द येतो. प्रिंट हा शब्द पी कळीवर आहे. पीक म्हणजे दिलेल्या पत्त्यावरचा आकडा वाचणं; तो शब्द हवा असेल तर कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून मग ओ दाबा. उत्तर ३२७६७ आलं तर मशीन १६ केबीचं आहे. ६५५३५ आलं तर मशीन आधीच ४८ केबीचं आहे, तुम्हाला काही करायचं नाही.

दुसरा कुठला आकडा आला तर तोही बोलका आहे. चालू होताना रॉम सगळी मेमरी भरून, मग खालून वर तपासत जाते. पहिली खराब जागा सापडली की ती तिथेच थांबते आणि तिच्या आदल्या जागेला मेमरीचं टोक मानते. म्हणजे अधलामधला आकडा आला तर वरची बँक आत आहे, पण त्यातली एखादी चिप बिघडली आहे.

आता मशीन बंद करून वीज काढा. खालचे पाच स्क्रू काढा आणि वरचं झाकण हळूच, दोनेक बोटं इतकंच उचला. कीबोर्डच्या दोन पातळ पारदर्शक रिबन बोर्डावरच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात. त्या आता काचेइतक्या ठिसूळ झालेल्या असतात, तेव्हा सरळ वर ओढून काढा, वाकवू नका. तुटल्याच तर नवा मेम्ब्रेन (या रिबनांसकट कळांखालचा पातळ थर) मिळतो, त्यामुळे काम थांबत नाही.

बोर्डावर इश्यू क्रमांक, म्हणजे बोर्डाच्या आवृत्तीचा क्रमांक, छापलेला असतो. इश्यू १ असेल तर थांबा. त्यात वरची मेमरी वेगळ्या छोट्या बोर्डावर बसायची, ही कृती त्याला लागू नाही. शिवाय असे बोर्ड दुर्मिळ आहेत, ते जसे आहेत तसे जपावेत असं माझं मत आहे. इश्यू २ किंवा ३ असेल तर आयसी १५ ते आयसी २६ अशा बारा जागा शोधा. बहुतेक वेळा तिथे रिकामी सॉकेट असतात. काही बोर्डांवर फक्त सोल्डरने बुजलेली भोकं असतात. ती साफ करून सॉकेट लावावी लागतात. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर आधी एखाद्या निकामी बोर्डावर सराव करा, कारण या बोर्डाच्या तांब्याच्या रेघा जास्त उष्णतेने लगेच सुटतात.

इश्यू २ वर प्रोसेसरच्या पायांना एक ट्रान्झिस्टर लटकवलेला दिसेल. तो कोणाचा जुगाड वाटतो, पण ती कारखान्यानेच केलेली दुरुस्ती आहे. त्याला हात लावू नका.

व्होल्टेज मोजा

या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. ४११६ चिपला तीन व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि −५. पुरवठ्यातून येतात फक्त ९ व्होल्ट डीसी. बारा आणि उणे पाच हे बोर्डावरच एक छोटं सर्किट तयार करतं. त्यातला टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर हा स्पेक्ट्रमचा सगळ्यात नाजूक अवयव. मशीन चालू असताना मागच्या कनेक्टरला काही लावलं किंवा काढलं, की बऱ्याचदा पहिला बळी त्याचाच जातो. उणे पाच गेलं आणि बारा चालू राहिलं, तर ४११६ चिपही फार टिकत नाहीत.

अॅडॉप्टर लावण्याआधी त्याची ध्रुवता तपासा. स्पेक्ट्रमला मध्ये मायनस आणि बाहेर प्लस लागतो, आजच्या बहुतेक अॅडॉप्टरच्या बरोबर उलटा. मूळ अॅडॉप्टर असेल तर मशीनला न जोडता मोजताना ९ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट दिसतील. त्याची बांधणीच तशी आहे, घाबरू नका.

मल्टिमीटरची काळी तार रेग्युलेटरच्या (पाच व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) उष्णताशोषक पत्र्याला चिमट्याने लावा. तो पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो, त्यामुळे एक हात मोकळा राहतो. मग मशीन चालू करून आयसी ६ पासून एकेका चिपवर मोजा:

पिन १ वर −५ व्होल्ट
पिन ८ वर +१२ व्होल्ट
पिन ९ वर +५ व्होल्ट
पिन १६ वर शून्य

चिपची खाच वर धरली की डावीकडची पहिली पिन १, आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. मीटरचं टोक दोन पिनांमध्ये घसरलं तर शॉर्ट होतो, म्हणून हात टेबलाला टेकवूनच मोजा. पाच व्होल्ट ४.७५ ते ५.२५ च्या आत हवेत. बारा आणि उणे पाच थोडे इकडेतिकडे चालतील. पण उणे पाच गायब असेल किंवा बारा खूपच कमी असतील, तर वाढवण्याचं काम बाजूला ठेवून आधी तो दोष काढा.

आता वरच्या बँकेच्या रिकाम्या सॉकेटांवरही मोजा. तिथे पिन ८ वर +५ आणि पिन १६ वर शून्य यायला हवं. खाली पिन ८ वर बारा असतात, वर पाच. या फरकामुळेच दोन्ही बँकांच्या चिप एकमेकींच्या जागी घालता येत नाहीत. वरची चिप खालच्या सॉकेटमध्ये गेली तर मशीन चालू करताच जळते.

सगळं बरोबर आलं तर १६ केबीवरच मशीन अर्धा तास चालू ठेवा, एखादा प्रोग्राम फिरवा, गरम होऊ द्या. यात टिकलं तर पुढे जा.

काय घ्यायचं

आठ मेमरी चिप आणि चार लॉजिक चिप, एवढंच. अस्सल ४५३२ शोधत बसण्याचं कारण नाही. ४१६४ घ्या. पूर्ण ६४ केबिटची, फक्त +५ व्होल्टवर चालणारी, आणि त्याच जागी बसणारी. वेग १५० किंवा २०० नॅनोसेकंद, दोन्ही चालतात. आठही एकाच जातीच्या घ्या, म्हणजे पुढे दोष शोधणं सोपं जातं.

४१६४ घेताना एक तपशील पाहाच. डायनॅमिक रॅममधली माहिती दर काही मिलिसेकंदांनी ताजी करावी लागते. स्पेक्ट्रमच्या वरच्या बँकेत हे काम झेड८० चा आर रजिस्टर करतो, आणि त्याची मोजणी सात बिटांची, म्हणजे १२८ पायऱ्यांची असते. काही उत्पादकांच्या ४१६४ ला २५६ पायऱ्या लागतात. अशा चिप इथे दगा देण्याची शक्यता असते, आणि तोही गोंधळात टाकणारा: मशीन ४८ केबी दाखवतं, पण थोड्या वेळाने माहिती बिघडते. डेटाशीटमध्ये १२८ रिफ्रेश सायकल लिहिलेली चिपच घ्या.

लॉजिक चिप अशा: आयसी २३ ला ७४एलएस३२, आयसी २४ ला ७४एलएस००, आयसी २५ आणि २६ ला ७४एलएस१५७. शेवटच्या दोन चिप प्रोसेसरचा पत्ता दोन हप्त्यांत मेमरीला देतात. मूळ एलएस जातच वापरा. जवळपासच्या दुसऱ्या जाती चालल्याचं ऐकू येतं, पण पहिल्याच मशीनवर प्रयोग कशाला?

या सगळ्याऐवजी स्टॅटिक रॅमचा तयार छोटा बोर्डही मिळतो, तो वरच्या बँकेच्या सॉकेटांत बसतो. त्याला रिफ्रेश लागत नाही, वीजही कमी खातो. मशीन फक्त वापरायचं असेल तर तो चांगला पर्याय आहे. मला मात्र नवख्याने एकदा तरी आठ चिपांचा मार्ग धरावा असं मनापासून वाटतं. मेमरी म्हणजे काय हे तेव्हा बोटांना कळतं.

मागच्या कनेक्टरला लावायचे बाहेरचे मेमरी पॅकही होते. त्यात झाकण उघडावं लागत नाही, पण पॅक जरा हलला की मशीन अडकतं आणि टीआर४ धोक्यात येतो. आतली मेमरी केव्हाही बरी.

चिप बसवणं

वीज काढा, फक्त भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका, अॅडॉप्टरची पिनच बाहेर काढा. स्थिर विजेसाठी मनगटपट्टा लावा, निदान ग्राउंड केलेल्या धातूला हात लावून मग चिप धरा. चिप काळ्या वाहक फोममध्ये ठेवा, थर्मोकोलवर कधीच नाही.

जुन्या सॉकेटांवर ऑक्साइड चढलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कोरडं होऊ द्या. नव्या चिपचे पाय बाहेर फाकलेले असतात, ते सपाट टेबलावर अलगद दाबून सरळ उभे करा. खाच बोर्डावरच्या खुणेशी जुळवा, सगळे पाय भोकांवर टेकल्याचं बघा, मग दोन्ही टोकांवर सारखा जोर देत दाबा. दाबल्यावर भिंगातून बाजूने पाहा. एखादा पाय चिपच्या पोटाखाली दुमडला असेल तर वरून तो बसल्यासारखाच दिसतो. या कामात सगळ्यात जास्त भेटणारा दोष हाच.

आधी फक्त चार लॉजिक चिप बसवून मशीन चालू करा. सिंक्लेअरची नेहमीची ओळ आली आणि पीकचं उत्तर अजून ३२७६७ असेल तर लॉजिकने काही बिघडवलेलं नाही. मग पुन्हा वीज काढून आठही मेमरी चिप घाला. अशा दोन टप्प्यांत केलं की काही अडलं तर कुठे बघायचं ते लगेच ठरतं.

वायर लिंकचं असं आहे. ४५३२ मध्ये चांगला अर्धा भाग कुठला हे चिपवरच्या खुणेवरून कळतं, आणि बोर्डावरची लिंक तोच अर्धा भाग निवडते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि ओकी या दोघांच्या चिपसाठी जोडणीही वेगळी. म्हणून जुन्या चिप वापरत असाल तर आठही एकाच उत्पादकाच्या आणि एकाच खुणेच्या हव्यात, आणि लिंक त्यांच्याशी जुळायला हवी. ४१६४ चे दोन्ही भाग चांगले असल्याने लिंक कुठल्याही बाजूला चालते. पण ती असायला हवी. लिंकची जागा उघडी राहिली तर तो सिग्नल अधांतरी राहतो आणि मेमरी मनाला येईल तशी वागते.

चालू केल्यावर

चालू होताना नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागेल, कारण तपासायची मेमरी आता तिप्पट आहे. पुन्हा तीच पीकची ओळ द्या. ६५५३५ आलं की बहुतांश काम झालं.

उत्तर अजून ३२७६७ च असेल तर घाबरू नका, चिप उपटायलाही लागू नका. मशीन चालत असल्यामुळे दोष त्याच्याकडूनच शोधून घेता येतो. पोक ४००००,२५५ द्या (पोक म्हणजे त्या पत्त्यावर आकडा लिहिणं) आणि मग पीक ४०००० छापा. नंतर शून्य पोक करून पुन्हा छापा. २५५ लिहून २५१ वाचलं तर ४ कमी पडले. शून्य लिहून १६ वाचलं तर १६ चा बिट चिकटून बसलाय. कोणता बिट कोणत्या चिपचा ते असं: १ म्हणजे आयसी १५, २ म्हणजे आयसी १६, ४ म्हणजे १७, ८ म्हणजे १८, १६ म्हणजे १९, ३२ म्हणजे २०, ६४ म्हणजे २१, १२८ म्हणजे २२. आधी त्या चिपचे पाय बघा, मग शेजारच्या चिपशी अदलाबदल करा. दोष चिपबरोबर सरकला तर चिप खराब, तिथेच राहिला तर सॉकेट किंवा बोर्ड.

सगळेच बिट चुकत असतील तर मेमरी चिपांवर संशय घेऊ नका, आयसी २३, २४ आणि लिंक तपासा. एका पत्त्यावर लिहिलेलं दुसऱ्याच पत्त्यावर उमटत असेल तर आयसी २५ किंवा २६.

आकडा ६५५३५ आला तरी एक कसोटी बाकी आहे. रॉमची तपासणी झटपट होते, रिफ्रेशचे दोष तिच्यात पकडले जात नाहीत. त्यासाठी हा छोटा प्रोग्राम:

१० क्लिअर ३२७६७
२० फॉर ए=३२७६८ टू ६५५३५: पोक ए,८५: नेक्स्ट ए
३० पॉज ०
४० फॉर ए=३२७६८ टू ६५५३५
५० इफ पीक ए<>८५ देन प्रिंट ए, पीक ए
६० नेक्स्ट ए

क्लिअरची ओळ गाळू नका. ४८ केबी मशीनमध्ये बेसिकचा स्टॅक, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या नोंदींची जागा, मेमरीच्या वरच्या टोकाला असतो, तो खाली आणला नाही तर प्रोग्राम स्वतःचाच पाया खोदेल. भरायला काही मिनिटं लागतात. पॉजवर मशीन थांबलं की पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग कळ दाबा. काहीही छापलं नाही तर ८५ च्या जागी १७० घालून पुन्हा चालवा. दोन्ही संख्यांत बिट एकाआड एक असतात, पण उलटे, त्यामुळे प्रत्येक बिट एकदा शून्य आणि एकदा एक असा तपासला जातो. थांबल्यानंतर भराभर चुका छापल्या जात असतील तर बहुधा चिप २५६ पायऱ्यांच्या निघाल्या.

हीच कसोटी मशीन तासभर तापल्यावर पुन्हा घ्या. आता बोर्ड जास्त वीज ओढतो आणि ७८०५ रेग्युलेटर आधीपेक्षा गरम होतो. आयसी १५ च्या पिन ८ वर पुन्हा व्होल्टेज मोजा. ४.७५ च्या खाली जात असेल तर रेग्युलेटर आणि त्याच्या शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायची वेळ आली आहे. उष्णताशोषक पत्र्याचा स्क्रू सैल नाही ना, हेही बघून घ्या.

याच्या पुढे

४८ केबीनंतर झेड८० चे सगळे पत्ते संपतात. १२८ केबीच्या स्पेक्ट्रममध्ये १६ केबीचे तुकडे आलटून पालटून एकाच खिडकीत आणले जातात, आणि त्यासाठी ३२७६५ क्रमांकाचं पोर्ट लागतं. ते वेगळं आणि बरंच मोठं काम आहे.

दुसरं मशीन हाती असेल तर यातलं बरंचसं तिथेही लागू पडतं. अॅपल टू प्लस आणि टीआरएस-८० मॉडेल वन मध्येही हीच तीन व्होल्टेजची ४११६ भेटते. अमिगा ५०० च्या पोटातल्या ५१२ केबीच्या कार्डावर घड्याळासाठी बॅटरी असते. ती गळून कार्ड आणि बोर्ड दोन्ही खाते, तेव्हा असं कार्ड मिळालं तर लावण्याआधी बॅटरी काढून टाका.

झाकण बंद करताना कीबोर्डच्या रिबन सरळ खाली, एका दमात खोचा आणि स्क्रू लावण्याआधी सगळ्या कळा एकदा दाबून बघा. एका कागदावर चिपची जात, लिंक कुठे आहे आणि मोजलेली व्होल्टेज लिहून तो झाकणाच्या आत चिकटवा, बोर्डाला टेकणार नाही अशा जागी. पुढे हे मशीन जो कोणी उघडेल, त्याला मोजमाप शून्यापासून करावं लागणार नाही.